फराळ : सातारा–सांगली परिसर

फराळ : सणावारी घरी केलेले, काही दिवस टिकणारे, तळलेले किंवा भाजलेले आणि घरच्यांइतकेच सोयरे, भावकी व शेजारी यांना वाटण्यासाठी असलेले खाद्यपदार्थ. ‘फराळ’ हा मराठी शब्द संस्कृत ‘फलाहार’ यापासून आला असून त्याचा मूळ अर्थ उपवासाच्या दिवशी घ्यावयाचे हलके खाणे असा आहे. ‘फराळाचे’ म्हणजे उपवासाचे, हा अर्थ आजही रूढ आहे. उपवासाच्या शब्दाने वर्षातील सर्वांत तेलकट-तुपकट पदार्थ ओळखले जावेत, ही गंमतच म्हणावयास हवी. पण दोन्ही अर्थांना जोडणारा दुवा आहे. दोन्हींत ते पाटावर बसून घ्यावयाचे भात-भाकरीचे जेवण नव्हे. जुन्या आचारधर्मात पाण्यात शिजलेले अन्न लवकर विटाळते आणि तुपा-तेलात तळलेले त्या मानाने विटाळत नाही, असे मानले जाई. त्यामुळे तळलेला जिन्नस शेजारच्या घरी पाठविता येई, प्रवासात नेता येई आणि ज्या घरी जेवावयास बसणे शक्य नाही, त्या घरीही तोंडात टाकता येई. उंबरठा ओलांडू शकणारे अन्न, हे फराळाचे खरे लक्षण असून सातारा व सांगली या जिल्ह्यांतील त्याचा इतिहास म्हणजे तो कोणत्या उंबरठ्यापर्यंत जाई आणि कोठे थांबे याचा इतिहास होय.

हे दोन जिल्हे दीर्घकाळ एकाच प्रशासकीय चौकटीत होते. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व लगतच्या संस्थानांचा प्रदेश मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा बनला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णा नदी दोहोंतून वाहते. सह्याद्रीलगतच्या जावळी, पाटण या तालुक्यांत पाऊस भरपूर असून भात, नाचणी व वरी ही जुनी पिके आहेत. कराड, वाळवा, मिरज या नदीकाठच्या पट्ट्यात ऊस, हळद व भुईमूग पिकतो. तर माण, खटाव, आटपाडी, जत हा पूर्वेकडील भाग अवर्षणग्रस्त असून तेथे ज्वारी, बाजरी व मटकी यांवर भागवावे लागे. एकाच सणाचा फराळ पन्नास-साठ मैलांच्या अंतरात किती बदलतो, हे या परिसरात सहज पाहावयास मिळते. डोंगराकडे तांदळाचे अनारसे व घावन, नदीकाठी गुळाच्या करंज्या व कापण्या आणि माणदेशात ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याचे लाडू व बाजरीच्या पिठाच्या पुऱ्या असा साधारण फरक असे.

प्राचीन व मध्ययुगीन आधार : कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर प्रकरण आहे. हा परिसर त्या काळी चालुक्यांच्या प्रभावक्षेत्रात असून कराड व कोल्हापूर येथील शिलाहार त्यांचे मांडलिक होते. ग्रंथातील मंडक, पोलिका, घारिका, पूरिका, वटक ही नावे मांडे, पोळी, घारी, पुरी व वडा या रूपांनी आजच्या स्वयंपाकघरात ओळखीची वाटतात. हे राजाचे ताट होते, रयतेचे नव्हे, ही गोष्ट मात्र अशा आधारांचा उपयोग करताना विसरता कामा नये. पुढील काळात नावांत भर पडली. शंकरपाळे हा फार्सी शक्करपाऱ्याचा मराठी अवतार होय. चकलीचे कन्नड चक्कुलीशी, तर करंजीचे उत्तरेकडील गुजिया, गोमंतकातील नेवरी व कर्नाटकातील करजीकाई यांच्याशी जवळचे नाते आहे. कृष्णेचे खोरे हे मराठी-कन्नड सरहद्दीवरील खोरे असल्यामुळे जत व मिरज भागांत अशी नावे व कृती दोन्हींकडून मिसळल्या. मिरची, भुईमूग व मका ही अमेरिकेतून आलेली पिके. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही तिकडचाच. म्हणजे तिखटामिठाचा चिवडा आणि शेंगदाण्याच्या कुटाची उपवासाची खिचडी, हे दोन्ही ‘परंपरागत’ पदार्थ परंपरेच्या मानाने तरुणच आहेत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर-मालेतील सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या शेतकरी घरात बाजरी व ज्वारी हे रोजचे अन्न असून गहू, तांदूळ, तूप व गूळ ही सणाची मिरास होती. मैदा व दाणेदार साखर तर खेड्यात दुर्मिळच. आज ज्याला दिवाळीचा फराळ म्हणतात, तो लाडू, चकली, शेव, चिवडा, करंजी, शंकरपाळे यांचा ठराविक संच पेशवाईतील सरदार-सावकारांच्या व नंतर शहरी पांढरपेशांच्या घरांत घडला. शेतकरी घरांत तो विसाव्या शतकातच रुळला, असे मानण्यास जागा आहे. त्यापूर्वी या भागातील तळणीचा मोठा महिना आश्विन-कार्तिक नसून आषाढ होता.

आखाड तळणे : आषाढास या भागात ‘आखाड’ म्हणतात आणि त्या महिन्यात घरोघरी कढई चढविण्याच्या प्रथेस ‘आखाड तळणे’ अशी संज्ञा आहे. पेरण्या उरकलेल्या असतात, कोळपणीला थोडा अवकाश असतो, पावसाने माणसे घरात अडकतात आणि पुढे चातुर्मासातील व्रतवैकल्ये सुरू व्हावयाची असतात. मागील हंगामातील शेंगा व करडई घाण्यावर देऊन आणलेले तेल घरात असते. तळणाचा नैवेद्य लक्ष्मी, मरीआई यांसारख्या ग्रामदेवतांना दाखवितात. गुळाचे गुलगुले, तिखटामिठाच्या पुऱ्या आणि कापण्या हे या महिन्याचे खास जिन्नस. कापण्या करण्यासाठी गुळाचे पाणी करून त्यात गव्हाची कणीक भिजवितात. तीत कडकडीत तेलाचे मोहन, थोडी सुंठ वा वेलदोडा घालतात. जाडसर पोळी लाटून तिच्यावर खसखस दाबतात व सुरीने चौकटी कापून त्या मंद आंचेवर तळतात. कापून करावयाच्या म्हणून कापण्या. त्यांना साखर लागत नाही, मैदा लागत नाही, साचा लागत नाही; गहू आणि गूळ असला की झाले. गुऱ्हाळांच्या मुलखात गूळ घरचाच असे. डब्यात नीट ठेवल्यास त्या पंधरवडाभर टिकतात.

नव्याने लग्न झालेल्या मुलीने आषाढात सासरी राहू नये, अशी समजूत असल्याने ती या महिन्यात माहेरी येई आणि परतताना तिच्याबरोबर कापण्यांची बुट्टी जाई. (बुट्टी म्हणजे वेताची वा बांबूची टोपली, हा शब्द दक्षिण महाराष्ट्रात कन्नडमधून आला.) बुट्टीवर स्वच्छ फडके बांधलेले असे. ती सासरी पोहोचली की आधी देवापुढे ठेवली जाई, मग भावकीत घरटी चार-चार, पाच-पाच अशा कापण्या वाटल्या जात. किती आले, कसे आले, गुळाला हात आखडता घेतला की काय, याची चर्चा होई. मुलीचा सासरचा मान काही अंशी त्या बुट्टीवर ठरत असल्यामुळे, घरात पोरांना चाखावयास न देता ती भरणाऱ्या आयाही होत्या. गोडव्याच्या देवघेवीमागची ही ओढाताण सणांच्या वर्णनांतून सहसा वगळली जाते.

आषाढातच या भागात बेंदूर हा बैलांचा सण येतो. देशावर इतरत्र श्रावण अमावास्येस पोळा होतो. सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत आषाढ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्रीय बेंदूर आणि सरहद्दीकडील गावांत त्याआधी ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर पाळला जातो. पुरणपोळीचा घास बैलास प्रथम देतात आणि त्याच्या शिंगांत कडबोळी अडकवितात. मिरवणुकीत ती काढून घेण्यासाठी पोरांची धडपड चाले. फराळाचा पहिला वाटा जनावराचा, हे शेतकरी कुटुंबात कोणास वावगे वाटत नसे. ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते व लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेने पंढरपूरकडे जाते. त्या गावांतील घरे वारकऱ्यांना भाकरी-पिठल्याबरोबर लाडू, चिवडाही देतात. येथे घेणाऱ्याचे नाव-गाव विचारले जात नाही.

श्रावण ते आश्विन : नागपंचमीला चुलीवर तवा ठेवू नये, चिरू-कापू नये, असा संकेत आहे, म्हणून पुरण भरलेली दिंडे उकडतात. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे व गूळ हा त्या दिवसाचा वाटावयाचा जिन्नस. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. सांगली जिल्ह्यातील शिराळा (बत्तीस शिराळा) येथील नागपंचमी जिवंत नागांच्या पूजेमुळे दूरवर प्रसिद्ध झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यापुढील न्यायालयीन निर्णय यांमुळे तेथील नाग पकडण्यावर व मिरवणुकीवर निर्बंध आले. घरोघरच्या लाह्यांना अर्थातच कोणाची आडकाठी नव्हती. भाद्रपदात गौरी येतात. त्याही माहेरवाशिणीच मानल्या गेल्यामुळे त्यांच्यापुढे करंज्या, लाडू, पुऱ्या मांडतात व निरोप देताना बरोबर शिदोरी देतात. मुलीला जे करावयाचे तेच देवीला, असा हा सरळ हिशेब आहे.

सूर्य हस्त नक्षत्रात आला की मुलींचा हादगा सुरू होई. पुण्याकडे ज्याला भोंडला व विदर्भ-खानदेशात भुलाबाई म्हणतात, त्याच जातीचा हा खेळ. हस्ताचे चिन्ह हत्ती. म्हणून पाटावर किंवा भिंतीवर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे व एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे करीत सोळाव्या दिवशी सोळा गाणी व सोळा खिरापती, असा वाढता क्रम असे. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची. गोड की तिखट, तळलेली की भाजलेली, असे विचारीत मुली पदार्थांची नावे घेत आणि कोणास सुचणार नाही असे काही करण्यात घरातील आई व आत्या यांचे कसब लागे. स्वयंपाकाचे शिक्षण असे खेळता खेळता होई. ज्या घरची ऐपत नसे तेथे भिजवलेली डाळ किंवा गूळ-फुटाणे डब्यात येत. तरीही डबा झाकलेला असे, ओळखावयास तितकाच वेळ दिला जाई आणि प्रत्येकीच्या तळहातावर सारखाच वाटा पडे. सोळा घरे पालटून फिरणाऱ्या या खेळात गरीब घराचीही पाळी चुकविली जात नसे, ही त्याची मोठी खूण होय. पुढे शाळांनी हादगा उचलला आणि तो सोळा दिवसांवरून एका दुपारवर आला.

दिवाळी : खरिपाची सुगी, म्हणजे भुईमूग, बाजरी व भात, याच सुमारास घरी येते. शेंगा बाजारात गेल्या की हातात रोकड खुळखुळू लागते. या सोयीमुळे दिवाळीने हळूहळू इतर महिन्यांची तळणे आपल्याकडे ओढून घेतली. वसुबारसेपासून दारात शेणाच्या गवळणी मांडणे, पोरांनी मातीचे किल्ले करणे, नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर फराळ करणे आणि भाऊबीजेस भावाने बहिणीकडे जाणे, हा क्रम या भागातही आहे. जुन्या शेतकरी घरांत मात्र तळण एक-दोन जिनसांपुरते असे. गुळाच्या सारणाचे कानवले, शेव, कडबोळी इतके झाले की दिवाळी साजरी होई. अनारसे हा वेळखाऊ जिन्नस. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाळवून कांडावयाचे, गुळात मळून ते पीठ मुरत ठेवावयाचे आणि खसखशीची बाजू वर ठेवून न उलटता तळावयाचे. पीठ जास्त सैल झाले तर अनारसा कढईत विरघळतो. त्यात हुकमी हात असलेली बाई गल्लीत एखादीच असे व तिला बोलावून नेत.

फराळ एकटीने होत नसे. जात्यावर दळण, उखळात कांडण, मोहन घालून पीठ मळणे, लाट्या करणे, लाटणे, सारण भरणे, कातणे फिरविणे आणि कढईपाशी बसणे, एवढी कामे एका घाण्यामागे असतात. शेतीत जसा पैरा, म्हणजे एकमेकांच्या कामास जाण्याची फेड, तसाच बायकांचा चुलीपाशी असे. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे. उन्हाळ्यातील पापड, कुरडया, शेवया यांसाठीही हीच रीत होती. दिवसाचे शेतकाम संपवून ही बैठक रात्री बसे. धूर, ओली लाकडे, तान्ही मुले आणि पहाटेचे दळण यांचा विचार केल्यास फराळाच्या गोडव्याची किंमत कोणी दिली, हे उघड होते. सोऱ्या फिरविताना हाताला घट्टे पडत. तयार डबे फळीवर चढत आणि त्यांच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असत. करणारीच्या वाट्यास बहुधा तुटलेल्या चकल्या व फुटलेल्या करंज्या येत.

देवघेव व तिच्या मर्यादा : आलेले ताट रिकामे परत करावयाचे नाही, हा या व्यवहाराचा पहिला नियम. देण्यासारखे काही नसल्यास चिमूटभर साखर, मूठभर धान्य किंवा एखादी सुपारी तरी ताटात घालतात. संक्रांतीला सुगडातून बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर व उसाची कांडी यांचे वाण देतात, तेव्हाही देणे-घेणे एकाच वेळी होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कैरीची डाळ व पन्हे देतात. तो समारंभ मात्र दीर्घकाळ वरिष्ठ मानलेल्या जातींच्या सवाष्णींपुरताच होता.

फराळ उंबरठे ओलांडी, पण सगळे नव्हेत. ब्राह्मणाच्या घरचे ताट मराठ्याच्या घरी जाई. उलट दिशेने शिजवलेले काही न येता डाळ-तांदळाचा कोरडा शिधा येई. बलुतेदारांना सणाचा वाटा ठरलेला असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीस वाटा मिळे तो मागून, वरून टाकलेला. तेथून मात्र काहीही घेतले जात नसे. ज्या बाजूस केवळ घ्यावयाचेच असते, तेथे वाटप ही संज्ञा लावणे कठीण आहे. भीमराव आंबेडकर यांचे बालपण साताऱ्यात गेले. १९०१ च्या सुमारास ते भावंडांसह खटाव तालुक्यात तलावाच्या कामावर असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने जाताना जवळ खाण्याचे भरपूर असूनही वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून मुलांना रात्र उपाशी काढावी लागली. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या वेटिंग फॉर अ व्हिसा या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. डबा भरलेला आणि घास घशाखाली उतरत नाही, ही स्थिती याच परिसरातील, याच शिदोरीच्या मुलखातील होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक बौद्ध कुटुंबांनी सणाची भाकरी मागण्याचे काम सोडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाल्यावर त्यामागील सक्तीचा आधारही गेला.

पंक्तिभेद मोडण्याचा दीर्घ प्रयोग याच भूमीत झाला. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. मुलांच्या धान्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९४२ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारच्या भूमिगत कार्यकर्त्यांना गावोगावच्या बायकांनी फडक्यात बांधलेली भाकरी पोहोचविली. त्याच चळवळीने कमी खर्चाच्या गांधी-विवाहांचा पुरस्कार करून जेवणावळींवर उधळपट्टी न करण्याचा आग्रह धरला.

स्थलांतर : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या कापडगिरण्यांत सातारा जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने जाऊ लागले. बायको, मुले व म्हातारी माणसे गावी राहत. गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले खाणावळीत जेवत. त्यांच्याकडे गावाहून येणारे फराळाचे गाठोडे खोलीतील सर्वांचे असे आणि परत जाणाऱ्याच्या हातून मुंबईची मिठाई, कापड व मनिऑर्डरीबाहेरची रोकड गावी येई. मैद्याचे शंकरपाळे, साखरेचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा हे जिन्नस खेड्यात पोहोचविण्यात गिरणीच्या या वाटेचा वाटा मोठा असावा. खाणावळी चालविणाऱ्या बायकांची संघटना म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरणी कामगार गावी परतले व ही ये-जा क्षीण झाली. खानापूर, आटपाडी व माण भागांतील सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक भारतभर पसरले आहेत. ते दिवाळीस किंवा गावच्या यात्रेस घरी येतात आणि जाताना कापण्यांचे व लाडवांचे डबे दूरच्या राज्यांतील बाजारपेठांपर्यंत नेतात.

आधुनिक बदल : फराळाचा संच एकसारखा होण्यास काही अगदी व्यावहारिक गोष्टी कारणीभूत झाल्या. ऑईल इंजिनावर व पुढे विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्यांनी जात्याचे काम हलके केले. दुसऱ्या महायुद्धकाळात धान्य व साखर यांवर नियंत्रणे आली. पुढेही दीर्घकाळ सणासाठी शिधापत्रिकेवर जादा साखर मिळण्याची वाट पाहिली जाई. १९६० च्या सुमारास सांगली व रेठरे बुद्रुक येथील सहकारी साखर कारखाने चालू झाले आणि उसाच्या पट्ट्यात सभासदांच्या घरी साखरेची पोती आली. तेव्हा गुळाचे कानवले मागे पडून साखरेची करंजी पुढे आली. साखर पांढरी व म्हणून प्रतिष्ठेची. गूळ गरिबाचा ठरला, त्याला आरोग्याच्या नावाखाली पुन्हा मान मिळावयास अर्धशतक जावे लागले. पूर्वेकडे याच काळात चित्र वेगळे होते. १९७२ च्या दुष्काळात माणदेशातील माणसे रोजगार हमीच्या खडीवर होती आणि तेथे वाटली गेलेली सुकडी हाच पुष्कळ मुलांचा त्या वर्षीचा गोड जिन्नस होता.

पाककृती तोंडी असत. मराठीत छापील पाकशास्त्राची सुरुवात सूपशास्त्र (१८७५) या पुस्तकापासून मानतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. तथापि सर्वसामान्य मराठी घरात पोहोचले ते कमलाबाई ओगले (१९१३–९९) यांचे रुचिरा (१९७०). कमलाबाईंचा जन्म कुंडलचा व संसार सांगलीचा. स्वयंपाक त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. त्यांनी प्रमाण दिले ते वाटी व चमच्याने. शेर-पायलीचा काळ संपून किलोग्रॅमचा नुकताच रुळत होता आणि नव्या लग्न झालेल्या मुली सासू-आईपासून दूर, शहरातील दोन खोल्यांत राहू लागल्या होत्या. त्यांना चकलीची भाजणी किती भाजावी हे सांगावयास जवळ कोणी नव्हते. हाताच्या अंदाजाचे रूपांतर मापात झाल्यामुळे ज्ञान टिकले, हे खरे. त्याबरोबरच घरोघरच्या, जातीजातीच्या व तालुक्यातालुक्याच्या चवी एका मापात बसू लागल्या, हेही खरे.

विकतचा फराळ याच पट्ट्यातून मोठा झाला. कृष्णाकाठच्या भिलवडी येथे १९३९ मध्ये सुरू झालेल्या चितळे यांच्या दुग्धव्यवसायातून १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान निघाले व १९७० नंतरच्या दशकात तेथील बाकरवडी सर्वत्र पोहोचली. सांगली-जयसिंगपूरचे भडंग हे मुळात भट्टीवरच्या चिरमुऱ्यांना लसूण, शेंगदाणे व लाल तिखट यांची फोडणी देऊन घरी करावयाचे साधे खाणे. ते पाकिटांतून विकले जाऊ लागले. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र प्रथमपासून हलवायाच्या कढईतले असून घरच्या फराळात त्यांची गणना होत नाही. १९९० नंतर महिला बचतगटांनी भाजणी, लाडू, चकल्या यांच्या मागण्या घेण्यास प्रारंभ केला. म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेसारख्या संस्थांनी बायकांच्या लहान उद्योगांस कर्जाची वाट खुली केली. शतकानुशतके विनामूल्य मानलेल्या श्रमास त्यामुळे प्रथमच किलोमागे भाव मिळाला. नोकरी करणाऱ्या बाईने विकत घेतलेल्या चकलीवरून तिला नावे ठेवणाऱ्यांनी ती चकली करणारीही बाईच आहे आणि तिला आता मजुरी मिळते, याकडे लक्ष देणे इष्ट ठरेल.

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना रवा, चणाडाळ, साखर व पामतेल यांचा संच शंभर रुपयांत दिला. या चार जिनसांवरून सरकारी दृष्टीने किमान फराळ कोणता हेही कळते. रव्याचा लाडू आणि शेव त्यात होतात. कापणी होत नाही, कारण तिला गूळ व कणीक लागते.

ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे दिवाळीस कढई चढवीत नाहीत. तो फराळ भावकीने व शेजाऱ्यांनी न्यावयाचा असतो. दिवाळीच्या पहिल्या दिवशी चार-पाच घरांतून झाकलेली ताटे तेथे जातात, मुले असल्यास लाडू जास्त घालतात. त्या ताटांत परत काही घालावयाचे नसते. ताट रिकामे परत न करण्याच्या नियमास एवढा एकच अपवाद आहे.